गरजेची तारीख

साताऱ्याच्या जिल्हा कोषागारात माझी चौतीस वर्षे नोकरी झाली आणि त्यांपैकी बावीस वर्षे निवृत्तिवेतन शाखेच्या एकाच मेजामागे गेली. त्या मेजासमोर प्रथमच येऊन उभा राहणारा माणूस काही महिन्यांपूर्वीपर्यंत कोठे मुख्याध्यापक असे, कोठे मंडल अधिकारी, कोठे पाटबंधारे खात्यातला कालवा निरीक्षक, तर कोठे पोलीस हवालदार. आणि आता महालेखापालांच्या कार्यालयातून आलेला आदेश, शरीरावरच्या ओळखीच्या खुणा, नमुन्याच्या सह्या आणि पत्नीसमवेत काढलेले छायाचित्र एवढ्या सामग्रीवरून ‘हाच तो इसम’ अशी खात्री करून घेऊन तसा शेरा मारणे, हे माझे काम असे. शेरा मारून झाला की उपदान किती, अंशराशीकरणाची, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग आगाऊ एकरकमी घेण्याची, रक्कम किती, भविष्य निर्वाह निधीची शिल्लक किती, हे आकडे मी त्याला वाचून दाखवीत असे. तीस-पस्तीस वर्षे महिन्याच्या महिन्याला मोजके पैसे घेऊन घरी गेलेला तो माणूस, जन्मात प्रथमच आणि बहुधा शेवटचेच एवढे द्रव्य एकरकमी आपल्या नावावर पाहून क्षणभर गप्प होई, आणि मग मेजावर किंचित वाकून, आवाज खाली आणून विचारी, “भाऊसाहेब, याचं करावं तरी काय?”

या प्रश्नाला उत्तर देणे माझ्या कर्तव्यात बसत नव्हते. सरकारी कारकुनाने रक्कम अदा करावी, तिच्या विनियोगाविषयी बोलू नये, असा शिरस्ता होता आणि तो योग्यही होता. परंतु उत्तर देण्याची मुभा नसली, तरी प्रश्न ऐकण्याला कोणाची मनाई नव्हती. आणि बावीस वर्षे तो प्रश्न ऐकता ऐकता, त्याचे स्वरूप कसकसे पालटत गेले, हे मला जवळून पाहता आले. प्रारंभी लोक विचारीत ते घर बांधण्याविषयी, मुलीच्या लग्नाविषयी, गावाकडच्या विहिरीविषयी. पुढे राष्ट्रीय बचत पत्रे आणि दामदुप्पट होणारी किसान विकास पत्रे आली. आणि मग एका वर्षी, जणू वारा फिरावा तसे, सगळेजण एकच शब्द बोलू लागले. तो शब्द होता ‘शेअर’.

आमच्या जिल्ह्याला हा शब्द नवा नव्हता. उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, त्याच्या ट्रंकेत सहकारी साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला सापडेल. तो शेअर म्हणजे आपला ऊस कारखान्यात जाण्याचा हक्क, सवलतीच्या दराची साखर आणि वार्षिक सभेतले एक मत. त्याचा भाव सकाळी एक आणि दुपारी दुसरा असा कधी होत नसे. तो वडिलांकडून मुलाकडे वारसाहक्काने येई आणि जमिनीसारखा घरातच राही. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरचा शेअर ही निराळी चीज आहे, याची कल्पना आमच्याकडे फार थोड्यांना होती. तोही उद्योगातला भागच. कंपनीच्या नफ्यात त्याचाही वाटा. मात्र त्या वाट्याची किंमत रोज नव्याने ठरते, ती ठरविणाऱ्यांत आपण नसतो, आणि मुद्दल परत करण्याचे वचन त्यात कोणीही, कोणालाही दिलेले नसते. व्याजाची हमी नाही एवढ्यावर हे थांबत नाही. ज्याला आपण मुद्दल म्हणतो, तीच येथे वर-खाली होते. जन्मभर मुद्दल आणि व्याज यांचे दोन स्वतंत्र रकाने मांडणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट समजायला वर्षे लागली, आणि ती समजली ती एका गुरुजींमुळे.

हे गुरुजी एका मोठ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापक होते. नियत वयोमानाप्रमाणे ते निवृत्त झाले तो दिवस होता २९ फेब्रुवारी १९९२. त्याच दिवशी दिल्लीत डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकाने ३,००० ची मर्यादा ओलांडली. महिनाभरात तो ४,००० च्याही पुढे गेला. जो निर्देशांक १९७८-७९ या वर्षाला १०० धरून मोजला जातो आणि ज्याला पहिल्या १,००० पर्यंत पोचायला जुलै १९९० उजाडावा लागला, तो आता एका महिन्यात हजाराने वाढत होता. गुरुजींना सर्व मिळून दोन लाखांच्या वर रक्कम मिळाली. ती त्यांनी कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर आपल्या बुद्धीने, वर्तमानपत्रे वाचून, कात्रणे काढून, वहीत आकडे मांडून, सबंधच्या सबंध शेअरमध्ये घातली. “भाऊसाहेब, पोस्टात पाच-सहा वर्षांत होतं ते इथं सहा महिन्यांत होतंय,” असे ते मला म्हणाले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत लोभ नव्हता. धाकट्या मुलीचे लग्न चांगल्या घरी करून द्यावे, एवढीच त्यांची आकांक्षा होती.

२३ एप्रिल १९९२ रोजी बँकांच्या रोख्यांच्या व्यवहारातील गैरप्रकाराची बातमी प्रसिद्ध झाली आणि जे पुढे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २८ एप्रिलला एका दिवसात निर्देशांक बारा टक्क्यांहून अधिक उतरला. वर्षभराने, म्हणजे १९९३ च्या वैशाखात, तो पूर्वीच्या उंचीच्या निम्म्यावर आलेला होता. आणि नेमक्या त्या वैशाखात गुरुजींच्या मुलीचे लग्न ठरले होते.

एप्रिलमधली ती दुपार मला अजून दिसते. गुरुजी कापडी पिशवी घेऊन आले आणि तिच्यातून त्यांनी शेअरचे दाखले काढून माझ्या मेजावर मांडले. त्या काळी समभाग कागदावर असत. जाड, नक्षीदार किनारीचे कागद, आणि प्रत्येकाला टाचणीने लावलेला हस्तांतरणाचा फॉर्म. गुरुजींनी ते तोट्यात विकले होते, परंतु कंपनीने फॉर्म परत पाठविले होते, कारण विकणाऱ्याची सही दप्तरातील सहीशी जुळत नव्हती. आता आमच्या कोषागार अधिकाऱ्यांकडून सही साक्षांकित करून हवी होती. मी त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांतली नमुन्याची सही काढली आणि दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. पहिली सही, चौदा महिन्यांपूर्वी माझ्यासमोर केलेली, शाळेच्या फळ्यावर लिहिल्यासारखी गोलाकार, प्रत्येक अक्षर सुटे, शेवटची रेघ ठाम ओढलेली. दुसरी आखडलेली, मधेच तुटलेली, शेवटच्या रेघेला उतार लागलेला. हात तोच होता आणि माणूसही तोच होता. वर्षभरात त्या हातावरून काय गेले, ते त्या रेघेत उतरले होते.

लग्न झाले. त्यासाठी गुरुजींनी निम्म्या भावाने सर्व काही विकले, वर सोसायटीचे कर्ज काढले आणि पुढची कित्येक वर्षे निवृत्तिवेतनातून त्याचे हप्ते फेडले. निवृत्तिवेतन होते म्हणून घर उभे राहिले, हे येथे नमूद केले पाहिजे. आणि आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे, जी मला त्यांच्या नुकसानापेक्षाही अधिक विचार करायला लावते. लग्नानंतर सोळा महिन्यांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये, निर्देशांक पुन्हा आपल्या जुन्या उंचीला पोचला. त्यांचा प्रत्येक समभाग काही सावरला नसता. पण रकमेचा बराच मोठा हिस्सा परत आला असता. बाजाराने उशीर केला, आणि मुहूर्त उशीर करू शकत नव्हता.

पुढे खात्याच्या परीक्षेच्या निमित्ताने मुंबईस गेलो असता राजाबाई टॉवरकडे पाहत बराच वेळ उभा राहिलो होतो, तो याच विचारात. ज्या प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून, त्यांच्या मातेच्या नावे तो मनोरा उभा राहिला, ते अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या शेअर बाजाराचे अनभिषिक्त अधिपती होते. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि तो पैसा समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या भागांत ओतला गेला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला. परंतु खरा प्रलय झाला तो १ जुलै १८६५ रोजी, कारण वायद्याच्या असंख्य सौद्यांची मुदत त्या एका दिवशी भरत होती. ज्यांना त्या तारखेस पैसे देणे भाग होते, ते बुडाले. ज्या जमिनीवर हा सट्टा खेळला गेला, ती जमीन मात्र पुढे खरोखरीच समुद्रातून वर आली आणि आज तिच्यावर मुंबई उभी आहे. गुरुजींच्या आणि त्या सटोडियांच्या वृत्तीत जमीन-अस्मानाचा फरक. पण दोघांनाही बुडविले ते तारखेने.

एवढ्यावरून मी ‘शेअरच्या वाटेला जाऊ नये’ असा निष्कर्ष काढला असता, आणि काही वर्षे मी तो काढलाही होता; परंतु दुसऱ्या एका माणसाने माझी ही समजूत दुरुस्त केली. आमच्या पेठेत एक गृहस्थ राहत, सूतगिरणीत हिशेबनीस म्हणून नोकरी करून १९९५ च्या सुमारास निवृत्त झालेले. त्यांना निवृत्तिवेतन नव्हते. निधीचे आणि उपदानाचे मिळून चार लाख रुपये होते. ते त्यांनी बँकेत मुदतठेवीत ठेवले, बारा टक्क्यांनी. महिन्याला चार हजार व्याज येई. त्या काळी दोन माणसांना ते पुरून उरत असे, आणि दर दिवाळीला ते जावयाला सोन्याचा वेढा करीत. शेअरच्या नावाने ते कानांवर हात ठेवीत. त्यांनी आयुष्यात एक रुपयाही धोक्यात घातला नाही.

आणि तरीही ते गरीब होत गेले. देशातील व्याजाचे दर उतरू लागले होते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवर चौदा वर्षे चालत आलेला बारा टक्क्यांचा दर जानेवारी २००० पासून घसरत मार्च २००३ मध्ये आठांवर आला, आणि बँकांच्या ठेवी तर सहाच्या आसपास येऊन टेकल्या. ठेवीची मुदत संपली, नूतनीकरण झाले, आणि चार हजारांचे दोन हजार झाले. दरम्यान गॅस, औषधे, वीज यांचे भाव कोणासाठी थांबले नव्हते. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी चढत असतील, तर बारा वर्षांत ते दुप्पट होतात, म्हणजेच रुपया निम्मा होतो. हा हिशेब त्या हिशेबनिसांना माझ्यापेक्षा चांगला येत होता. एकदा मला पासबुक दाखवून ते म्हणाले, “मुद्दल बघा, पैशाला धक्का नाही. पण अहो, हे चार लाख ते चार लाख नाहीत.” हे सांगताना त्यांचा अंगठा त्या आकड्यावरून पुसल्यासारखा फिरत होता. वेढा करणे त्यांनी कधीच सोडले होते. आता ते मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलत होते.

ही दोन माणसे माझ्या मनात शेजारी शेजारी बसून राहिली. एकाने सगळे शेअरमध्ये घातले, दुसऱ्याने सगळे ठेवीत. आणि दोघेही प्रामाणिक, विचारी, मितव्ययी. गुरुजींना ज्या पैशाची गरज चौदा महिन्यांनी होती, तो त्यांनी अशा ठिकाणी ठेवला जेथे चौदा महिन्यांचा भरवसा कोणी देत नाही. हिशेबनिसांना ज्या पैशाची गरज वीस वर्षांनी लागणार होती, तो त्यांनी अशा ठिकाणी ठेवला जेथे वीस वर्षांत तो झिजून जातो. म्हणजे चूक शेअरची नव्हती आणि ठेवीचीही नव्हती. चूक होती ती ‘सगळे’ या शब्दाची, कारण माणसाच्या गरजा कधी सगळ्या एकाच तारखेला येत नाहीत. कोषागारात बसून हे मला आधी सुचावयास हवे होते. कोषागार म्हणजे तारखेचा पहारेकरीच. वेतन एक तारखेला, देयके मार्चअखेर, ठेवीची परतफेड मुदतीच्या दिवशी; तिजोरीत द्रव्य किती आहे यापेक्षा, ज्या दिवशी जे देणे आहे त्या दिवशी ते देता येईल का, याचीच तेथे चिंता वाहिली जाते.

आणि मग माझीच पाळी आली. ३१ डिसेंबर २००७ रोजी मी निवृत्त झालो. त्या दिवशी निर्देशांक २०,२८७ वर बंद झाला होता. पाच वर्षांत तो सहापट झाला होता. बावीस वर्षे ज्याने इतरांना आकडे वाचून दाखविले, त्याच्या हाती आता स्वतःचा आकडा होता : सर्व मिळून अकरा लाख. पुण्यास संगणक कंपनीत असलेला पुतण्या मुद्दाम भेटीस आला. “काका, पोस्टात ठेवून पैसे कुजवू नका. मी तीन वर्षांत दुप्पट केलेत. सगळे टाका,” असे तो कळकळीने म्हणाला, आणि त्याची कळकळ खरी होती. मी सर्व पाहिलेले असूनही माझे मन डळमळले, हे मला लिहिले पाहिजे. गुरुजींची सही मी विसरलो नव्हतो. परंतु जेव्हा भोवतालचा प्रत्येक माणूस कमावतो आहे असे दिसते, तेव्हा आपण मागे राहिल्याची व्यथा ही अनुभवापेक्षा बलवत्तर ठरते. दोन रात्री मला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी मी धनादेशाचे पुस्तक काढून बसलो.

माझ्या पत्नीने शेअरविषयीचे काही वाचलेले नव्हते. तिचे सारे हिशेबशास्त्र स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या ‘कालनिर्णय’वर होते, दुधाची लिटरे, गॅसच्या टाकीची तारीख, पेपरवाल्याची बाकी, सारे त्या चौकोनांत बारीक अक्षरांत लिहिलेले. तिने हात पुसत पुसत विचारले, “अहो, हे पैसे लागणार कधी, ते आधी सांगा. मग कुठं ठेवायचे ते बघू.” मी म्हटले, “लागतील तेव्हा लागतील.” त्यावर तिने नवे कालनिर्णय खिळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवले आणि त्याच्या मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने ओळी लिहायला सुरुवात केली. मुलीचे लग्न, फार तर वर्षभरात. गच्ची गळते, ती पावसाळ्यापूर्वी. तिच्या डोळ्याचे काम, दोन-तीन वर्षांत. माझ्या निवृत्तिवेतनाचा काही भाग अंशराशीकरणात गेला होता, तो पंधरा वर्षांनी पूर्ववत होईपर्यंत दर महिन्याला थोडी भर लागणार. एवढे लिहून तिने एक रेघ ओढली आणि म्हणाली, “या रेघेखाली जे उरेल, त्याची मला घाई नाही.”

तो कागद मी जपून ठेवला आहे. त्यानुसार तीन लाख बँकेत राहिले, लग्नासाठी आणि गच्चीसाठी. पाच लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेले. तेव्हा तिच्यावर नऊ टक्के व्याज होते, म्हणजे दर तिमाहीस ११,२५० रुपये. आणि रेघेखालचे तीन लाख शेअरसाठी ठरले, परंतु तेही एकदम नव्हे. फेब्रुवारी २००८ पासून दरमहा दहा हजार, असे तीस महिने, म्युच्युअल फंडातून.

पहिला हप्ता जाण्यापूर्वीच, २१ जानेवारीला, बाजार एका दिवसात १,४०८ अंशांनी कोसळला, आणि दुसऱ्या दिवशी तर घसरण एवढी झाली की तासभर व्यवहार थांबवावे लागले. तेव्हा मला वाटले की वाचलो. पण ते तर आरंभच होते. जानेवारीत जो निर्देशांक २१,००० ला टेकला होता, तो मार्च २००९ मध्ये ८,१६० वर आला. शंभरातले साठ गेले, की उरलेल्या चाळिसांचे पुन्हा शंभर होण्यासाठी त्यांना दीडशे टक्के वाढावे लागते. आणि त्या अवधीत जर आपण त्या चाळिसांतूनच दरमहा खर्चासाठी काढू लागलो, तर बाजार सावरला तरी आपण सावरत नाही, कारण सावरायला आपले काही शिल्लकच उरत नाही. मुलीचे लग्न डिसेंबर २००८ मध्ये झाले. मांडवात बसलो असताना मला गुरुजींची आठवण झाली. शेअरमध्ये माझेही पैसे बरेच घटले होते. परंतु त्या दिवशीच्या खर्चाचा एकही रुपया त्यांतला नव्हता. हप्ते मी चालू ठेवले. पडत्या बाजारात दरमहा दहा हजार घालणे हे धैर्याचे काम होते असे कोणी म्हणेल. मला मात्र ते धैर्य माझ्या स्वभावातून मिळाले नव्हते, ते त्या पेन्सिलीच्या रेघेने दिले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये, दिवाळीच्या दिवशी, निर्देशांक पुन्हा २१,००० वर गेला.

पुतण्याचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. त्याचे सगळेच शेअरमध्ये होते आणि तेही तसेच उतरले; पण त्याचे वय तीस, पगार चालू, तोंडावर कोणताही मोठा खर्च नाही. त्याने हात लावला नाही आणि पुढे त्याचे भलेच झाले. त्याचा सल्ला त्याच्यापुरता चुकीचा नव्हता. माझ्या वयाला आणि माझ्या तारखांना तो लागू नव्हता, एवढेच.

गेल्या दिवाळीत मुलगी माहेरी आली असता तिने मला तोच प्रश्न विचारला. ती पुण्यात खाजगी कंपनीत आहे, वय बेचाळीस. तिला माझ्यासारखे, महागाई भत्त्यासह आमरण चालणारे निवृत्तिवेतन मिळणार नाही. “बाबा, ठेवीत काय मिळतं? पीपीएफ सात पूर्णांक एक. माझं दीर्घ मुदतीचं सगळं शेअरमध्येच टाकू का? शेवटी बाजार वाढतोच.” मी तिला सांगितले की तुझ्या बाबतीत माझ्या वाटणीची उलटापालट करायला हवी. माझे निवृत्तिवेतन हीच एक मोठी ठेव आहे, जिचे मुद्दल मला दिसत नाही पण व्याज मरेपर्यंत येते. म्हणून माझ्या उरलेल्या पैशाने धोका पत्करला तरी चालते. तुझ्याकडे ती ठेव नाही. परंतु अठरा वर्षांची नोकरी आहे, आणि तेवढ्या काळात ठेवीतला रुपया हिशेबनिसांच्या रुपयासारखा झिजेल. म्हणून मोठा हिस्सा शेअरमध्ये असू दे.

“मग सगळं का नको?” तिने विचारले. मी तिला टोकियोची हकिकत सांगितली. तेथील निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर होता, आणि ती उंची ओलांडायला त्याला २२ फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळातला लाभांश सोडला, तर चौतीस वर्षे. माझी उभी नोकरी चौतीस वर्षांची. एखाद्या जपानी कारकुनाने नोकरीच्या पहिल्या दिवशी घातलेला पैसा त्याच्या निवृत्तीच्या दिवशी जेथल्या तेथे असता, आणि तो काही मागासलेला देश नव्हता. आपल्याकडे तसे होईल असे मी म्हणत नाही. आपल्याकडेही एप्रिल १९९२ नंतर अकरा वर्षांनी, २००३ च्या उन्हाळ्यात, निर्देशांक पूर्वीच्या उंचीच्या बराच खाली होता, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ‘दीर्घ मुदत’ हा शब्द आपण सहज उच्चारतो, पण ती मुदत बाजार ठरवितो, आपण नाही. मुलाचे महाविद्यालय पाच वर्षांवर आहे. ते पैसे आज शेअरमध्ये असतील, तर ते उद्यापासून थोडे थोडे काढायला लाग. निवृत्तीला सात-आठ वर्षे उरतील तेव्हा तिकडचेही तसेच काढ. तारीख जवळ येईल तसतसा पैसा बाजारातून चालत घरी आला पाहिजे. धावत येण्याची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नये.

तिने आईला कागद मागितला आणि तिच्यासारख्याच बारीक अक्षरात ओळी लिहू लागली. घराचे कर्ज, मुलाचे शिक्षण, सासूबाईंचे आजारपण. लिहिता लिहिता ती थांबली. “बाबा, एका गोष्टीची तारीख कशी लिहायची? आपण किती जगणार त्याची?”

तिचा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत राहिलो, आणि मला असे वाटू लागले की या सर्व विचाराची उकल त्यातच आहे. लग्नाला तारीख असते, शिक्षणाला असते, कर्जाच्या हप्त्याला असते. ज्या गरजेला तारीख आहे, तिच्यासाठी तारीख पाळणारा पैसा हवा. पण आपण ऐंशीपर्यंत जगू की पंच्याण्णवपर्यंत, ही गरज तारीख सांगून येत नाही. ती जितकी लांबेल तितका रुपया झिजत जाणार, आणि तिला तोंड देण्यास वाढणारा पैसा लागतो, मग तो केव्हा वाढेल हे सांगता न येणारा का असेना. तारीख नसलेल्या बाजाराशी जोडी जमते ती तारीख नसलेल्या या गरजेचीच. पत्नीने रेघेखाली ठेवले होते ते हेच, आणि म्हणूनच तिला त्याची घाई नव्हती. ते पैसे आजही तेथेच आहेत.

दर नोव्हेंबरात आम्ही दोघे बँकेत जातो. जी यादी मी वर्षानुवर्षे तयार करून बँकांना धाडीत होतो, तिच्यात आता माझे नाव असते, आणि हयात असल्याची सही मला करायची असते. तेथली मुलगी आदराने खुर्ची देते, यादीचे पान उलटून माझ्या नावावर बोट ठेवते. पत्नी शेजारी बसून चष्मा पुसत असते. तिच्या डोळ्याचे काम वेळच्या वेळी झाले. मी सही करतो. शेवटची रेघ अजून सरळ येते. सहीच्या पुढे तारखेचा रकाना असतो. तो मी सावकाश, स्वतःच्या अक्षरात भरतो.